कमी अंतर, पूर्ण दम

पुण्यात किंवा नाशकात पहाटे सायकल घेऊन निघणाऱ्या माणसाने ‘मी ट्रायथलॉन करतो’ असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘आयर्नमॅन झालं का?’ नाही म्हटलं तर ‘मग हाफ तरी?’ तेही नाही, दीड किलोमीटर पोहणं, 40 किलोमीटर सायकल आणि 10 किलोमीटर धावणं, एवढंच करतो, असं म्हटलं की समोरचा धीर देतो: ‘होईल हो, हळूहळू अंतर वाढवा.’ हेतू चांगलाच असतो. पण आपल्याकडे या खेळाकडे कसं पाहिलं जातं ते त्या धीराच्या शब्दांत आलेलं असतं. कमी अंतर म्हणजे शिडीची खालची पायरी, आणि शिडी चढायची ती आयर्नमॅनसाठी.

माझं मत याच्या उलट आहे. नोकरी, घर, आईवडिलांची दुखणी आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून ज्याला खेळाडू म्हणून सुधारायचं आहे, वर्षागणिक अधिक वेगवान व्हायचं आहे, त्याच्यासाठी स्प्रिंट आणि ऑलिम्पिक ही दोन अंतरं हेच खरं मैदान आहे. हा आढावा त्यासाठीच: या खेळात काय माहीत आहे, कशावर वाद आहेत, आणि महाराष्ट्रातल्या हौशी स्पर्धकाचं घोडं नेमकं कुठे अडतं.

आयर्नमॅनबद्दल मला आदरच आहे. 3.8 किलोमीटर पोहून, 180 किलोमीटर सायकल मारून मग पूर्ण मॅरेथॉन धावणं ही काही साधी गोष्ट नव्हे. मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये पन्नाशीच्या तोंडावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केली तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी चाळिशीपारच्या लोकांनी बूट बाहेर काढले. पुण्याच्या कौस्तुभ राडकर यांनी जगभरच्या आयर्नमॅन एकामागून एक पूर्ण केल्या आणि पुढे इतरांना तयार केलं. 2019 मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर 70.3, म्हणजे निम्म्या अंतराची स्पर्धा सुरू झाली आणि हे वेड आपल्या उंबरठ्याशी आलं. पण इतक्या लांब अंतरात बहुतेक हौशी स्पर्धकांची लढाई घड्याळातल्या शेवटच्या मुदतीशी असते. आयर्नमॅनला साधारण 17 तास मिळतात, त्यात शेवटची रेषा गाठायची. ऑलिम्पिक अंतर बरी तयारी असलेला माणूस पूर्ण करणारच. त्यामुळे ‘जमेल का’ हा प्रश्न लवकर मागे पडतो आणि ‘किती वेळात’ हा प्रश्न उरतो. शर्यत तिथून सुरू होते.

इतिहासही याच बाजूने बोलतो. ट्रायथलॉन या नावाची पहिली आधुनिक शर्यत 25 सप्टेंबर 1974 रोजी, एका बुधवारी संध्याकाळी, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या मिशन बे इथे झाली. सॅन डिएगो ट्रॅक क्लबच्या जॅक जॉन्स्टन आणि डॉन शानाहान यांनी ती भरवली आणि 46 जण उतरले. ती आजच्या स्प्रिंटहूनही लहान होती, आणि गंमत म्हणजे सुरुवात धावण्याने करून पोहणं शेवटी ठेवलं होतं. हवाईतली पहिली आयर्नमॅन चार वर्षांनंतरची, 1978 ची; तिथे 15 जण निघाले आणि 12 जणांनी पूर्ण केली. म्हणजे कमी अंतर आधी आणि लांब अंतर नंतर. पुढे 1989 मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, त्याच वर्षी तिथेच पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि 2000 साली सिडनीत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. तिथलं अंतर 1.5, 40 आणि 10 किलोमीटर. म्हणूनच त्याला ‘ऑलिम्पिक’ म्हणतात. स्प्रिंट त्याच्या बरोबर निम्मी: 750 मीटर, 20 आणि 5 किलोमीटर.

एक गोष्ट मात्र नवख्याला कुणी नीट सांगत नाही. दूरदर्शनवर दिसणारा ट्रायथलॉन आणि आपण करतो तो ट्रायथलॉन हे सायकलच्या टप्प्यात दोन वेगळे खेळ आहेत. व्यावसायिकांना 1995 पासून दुसऱ्याच्या मागे चिकटून, वारा अडवून घेऊन सायकल चालवायला परवानगी आहे. तिथे सायकलचा टप्पा घोळक्याने कापला जातो आणि निकाल बऱ्याचदा धावण्यात लागतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 ला ॲलेक्स यीने 1 तास 43 मिनिटं 33 सेकंदांत सुवर्ण घेतलं ते धावण्याच्या शेवटच्या काही शे मीटरांत पुढच्याला गाठून. हौशी वयोगटांच्या बहुतेक शर्यतींत मात्र अशा चिकटून चालवण्याला, म्हणजे ड्राफ्टिंगला, मनाई असते. पुढच्या सायकलपासून साधारण 10 ते 12 मीटर अंतर ठेवायचं, ओलांडायचं तर ठरलेल्या सेकंदांत ओलांडायचं, नाहीतर दंड. इथे 40 किलोमीटरचा वारा ज्याचा त्याने खायचा.

यातून पुढचे सगळे निर्णय बदलतात. गेल्या दशकात जागतिक वयोगट स्पर्धेत स्प्रिंट अंतरासाठी ड्राफ्टिंग खुलं झालं. तिथवर जायचं स्वप्न असेल तर साधी रोड बाईकच हवी, कारण पुढे दांडे काढलेली टाइम ट्रायल सायकल तिथे चालत नाही. घोळक्यात चालवण्याची सवयही हवी. फक्त इथल्या शर्यतींत आपला वेळ कमी करायचा असेल तर गणित वेगळं. सायकल घेण्याआधी हे ठरवावं. आपल्याकडे बरेच जण सायकल घेतात आणि मग शर्यत शोधतात.

आता आकडे. जिद्दी हौशी स्पर्धकांत ऑलिम्पिक अंतरासाठी अडीच तास हा जुना मानदंड आहे. त्याचा हिशेब असा: 1500 मीटर पोहायला 30 मिनिटं, म्हणजे शंभर मीटरला 2 मिनिटं. सायकलला 70 मिनिटं, म्हणजे ताशी 34 किलोमीटरच्या थोडं वर. 10 किलोमीटर धावायला 45 मिनिटं, किलोमीटरला साडेचार मिनिटं. उरलेली 5 मिनिटं दोन्ही ट्रान्झिशनना, म्हणजे पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर जायला. स्प्रिंटसाठी याचा अर्धा सव्वा तास धरा. सुटासुटा पाहिला तर यातला एकही आकडा अशक्य नाही. रविवारच्या दहा किलोमीटरला 45 मिनिटांत येणारे पुण्या-मुंबईत शेकड्यांनी आहेत. पोहून आणि सायकल मारून झाल्यावर 45 मिनिटांत येणारे त्यांच्यातले फारच थोडे.

हाच हिशेब उलट करून पाहिला तर वेळ कुठे सापडतो ते कळतं. पोहण्यात शंभर मीटरमागे 10 सेकंद कमी झाले तर दीड किलोमीटरला अडीच मिनिटं वाचतात. सायकल ताशी 32 वरून 34 वर नेली तर साडेचार मिनिटांच्या आसपास. धावण्यात किलोमीटरमागे 15 सेकंद म्हणजे पुन्हा अडीच मिनिटं. निम्मा वेळ सायकलवर जातो, म्हणून सगळा जोर सायकलवर द्यावा असं कागदावर दिसतं, आणि प्रशिक्षकांतला एक मोठा गट तेच सांगतो. दुसरा गट म्हणतो, दुखापतीचा धोका धरूनही धावण्यावर द्या, कारण शर्यत तिथे संपते. मराठी हौशी स्पर्धकाच्या बाबतीत मला दोन्ही सल्ले अपुरे वाटतात. आपला माणूस पाण्यात अडतो.

त्याला कारणं आहेत. आपल्यातले पुष्कळजण पोहायला शिकले ते विहिरीत. पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा, काठावर काका किंवा थोरला भाऊ, आणि एक दिवस डबा सोडून दिलेला धक्का. या शिक्षणाने पाण्याची भीती गेली, मुटका मारता आला, तासभर तरंगता आलं. ही पुंजी लहान नाही. युरोपातल्या अनेक प्रौढ नवशिक्यांकडे ती नसते. पण विहिरीत पुढे जायचं नसतं, वर राहायचं असतं. डोकं बाहेर, पाय खाली, हात पाण्यावर आपटत. डोकं वर राहिलं की कंबर बुडते आणि सगळं शरीर पाण्याला आडवं येतं. असा माणूस कितीही ताकदवान असला तरी शंभर मीटरला अडीच मिनिटांच्या खाली येत नाही, आणि दमही सगळा तिथेच जातो. शहरात वाढलेल्याची गोष्ट निराळी: तो बहुधा तिशीनंतर पालिकेच्या तलावात, पाऊण तासाच्या बॅचमध्ये, तीस-चाळीस जणांच्या गर्दीत शिकतो. तिथे सलग 400 मीटर पोहायला मिळणं म्हणजे नशीब.

पोहण्यात दमापेक्षा आकार महत्त्वाचा, आणि धावपटूला हेच पचत नाही. पाणी हवेच्या जवळपास आठशे पट दाट असतं. त्यामुळे हाताचा जोर वाढवून मिळणारा फायदा थोडा, शरीर सरळ आणि लांब ठेवून मिळणारा फायदा मोठा. नजर तळाकडे, श्वास पाण्यातच सोडणं, कोपर उंच ठेवून पाणी मागे दाबणं, लाथ हलकी. आठवड्यातून एकदा दीड तास पोहण्याऐवजी तीनदा अर्धा अर्धा तास पोहलेलं बरं, कारण ही सवय वारंवारतेने अंगात मुरते. शिकवणारा माणूस काठावर असला तर सहा महिन्यांचं काम दोन महिन्यांत होतं. पैसे खर्च करायचेच असतील तर चाकांच्या आधी इथे करावेत, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

यात आपल्या हवामानाची एक भर आहे. थंड देशांत पाणी गार असलं की वेटसूट घालता येतो, आणि रबराचा तो सूट कमजोर पोहणाऱ्याची कंबर फुकटात वर उचलतो. हौशी वयोगटांना दीड किलोमीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी 22 अंशांच्या वर असलं की तो नियमाने बंद. कोकण-गोव्याच्या समुद्रात पाणी कायमच त्याहून उबदार. म्हणजे तिकडच्या स्पर्धकाची जी उणीव सूट झाकतो, ती आपली उघडी पडते. परदेशी पुस्तकांतले पोहण्याचे अंदाज जसेच्या तसे उचलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तलावातून खुल्या पाण्यात गेलं की आणखी एक विद्या लागते: दिशा. तळाला काळी रेघ नसते, भिंत नसते. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे वर काढून बोया शोधायचा आणि श्वासासाठी तोंड वळवायचं. पाच टक्के वाकडं गेलं तरी 1500 चे 1575 मीटर होतात, म्हणजे दीड मिनिट फुकट. पाण्यात दुसऱ्याच्या पायांमागे पोहायला मात्र कुठलीही मनाई नाही, आणि तिथे बराच दम वाचतो. योग्य वेगाचे पाय शोधून त्यांना धरून राहणं हे कौशल्य आहे आणि ते सरावानेच येतं. यासाठी महाराष्ट्राजवळ एक देणगी आहे: समुद्रात पोहण्याच्या स्पर्धांची जुनी परंपरा. मालवणला चिवला बीचवर भरणारी राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा पाहावी. शाळकरी पोरं ज्या सहजतेने लाटा कापतात ते पाहून ट्रायथलॉनवाल्यांनी तिथे दरवर्षी हजेरी लावायला हवी असं वाटतं. समुद्रात पोहणारे आणि ट्रायथलॉनवाले हे आपले दोन्ही गट एकमेकांना फारसे ओळखत नाहीत.

नद्यांचं मात्र बोलायलाच नको. पॅरिसने सीन नदी स्वच्छ करायला सुमारे 1.4 अब्ज युरो खर्च केले, तरी 2024 मध्ये पाण्याची तपासणी नापास झाली म्हणून पुरुषांची शर्यत 30 जुलैवरून 31 जुलैला ढकलावी लागली. मुठा किंवा पंचगंगेत शर्यत भरवायचा विचारही आज कुणी करणार नाही, आणि याचं दुःख एखाद्या खेळापुरतं नाही.

पाण्याचा विषय निघाला आहे तर जिवाची गोष्टही इथेच बोलतो. अमेरिकेत 1985 ते 2016 या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना एका संशोधनात एकत्र केल्या गेल्या. 135 घटना सापडल्या. प्रमाण लाख सहभागींमागे 1.74. धावण्यात नव्हे, सायकलवर नव्हे, तर तब्बल 90 घटना पोहताना घडल्या. पुरुषांचं प्रमाण स्त्रियांच्या तिप्पट, आणि वय वाढेल तसा धोका वाढलेला. प्रमाण कमी आहे, घाबरून खेळ सोडावा असं काही नाही. पण चाळिशीत खेळ सुरू करणाऱ्या, घरात हृदयविकार असलेल्या माणसाने ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट करूनच नाव नोंदवावं. शर्यतीच्या सकाळी ताप असेल, छातीत काही वेगळं वाटत असेल, तर पाण्यात उतरू नये. पहिली दोनशे मीटर जाणूनबुजून सावकाश जावीत. धक्काबुक्कीत श्वास अडकला तर उताणं होऊन आकाशाकडे बघत वीस श्वास घ्यावेत, हात वर करून होडी बोलवावी. होडीला धरून थांबणं नियमात बसतं. तिच्या जोरावर पुढे सरकायचं नाही, एवढंच. आणि आयोजकांना विचारावं: किती होड्या, किती जीवरक्षक, रुग्णवाहिका कुठे. उत्तर नीट आलं नाही तर ती शर्यत सोडून द्यावी.

सायकलकडे वळतो. ताशी 30 च्या पुढे सपाट रस्त्यावर बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग 10 टक्क्यांनी वाढवायचा तर ताकद सुमारे 33 टक्क्यांनी जास्त लागते. त्या हवेला आडवं येणारं मुख्यतः आपलं अंग; सायकलचा वाटा लहान. म्हणून सर्वात स्वस्त सुधारणा म्हणजे बसण्याची ठेवण. रोड बाईकला जोडायचे एरोबार, नीट करून घेतलेलं फिटिंग, अंगाला चिकटून बसणारे कपडे, बरे टायर आणि योग्य हवा. यानंतर खोल रिमची चाकं आणि लाखोंच्या सायकली येतात. एरोबारवर कमरेतून वाकून तासभर राहता येणं हाही एक व्यायाम आहे. जमत नसेल तर ती ठेवण पंधराव्या मिनिटाला मोडते आणि पैसे वाया जातात.

खरी अडचण रस्त्यांची. खडकवासल्याकडे, त्र्यंबकच्या रस्त्यावर किंवा नवी मुंबईत पाम बीचवर पहाटे पाच ते सात ही वेळ मिळते. नंतर ट्रक, दुचाक्या, कुत्री आणि विनाफलकाचे गतिरोधक. एरोबारवर हात असताना ब्रेकवर हात नसतात. त्यामुळे जोराचा सराव घरी होम ट्रेनरवर आणि रस्त्यावर फक्त लांबची शांत फेरी, असा मार्ग जाणकार घेतात. मला तो पटतो. सरळ रस्त्यावरचा पाच मिनिटांचा विक्रम कुणाच्या घरच्यांच्या काळजीपेक्षा मोठा नाही.

धावणं आपल्याकडे सर्वात बळकट, पण ट्रायथलॉनचं धावणं सायकलवरून उतरल्यावरचं. पहिल्या किलोमीटरला मांड्या लाकडासारख्या होतात, आणि सायकलच्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना आपण सावकाश धावतोय असं वाटतं. म्हणून माणूस नेमका तिथे जास्त जोरात जातो. यावर उपाय ‘ब्रिक’: सायकलनंतर लगेच बूट बदलून पंधरा-वीस मिनिटं धावायचं. दर आठवड्याला एक छोटी ब्रिक पुरते. टाच आणि पोटरीची दुखणी या खेळातल्या चाळिशीपारच्या लोकांचा जुना वैरी आहेत, म्हणून धावण्याचं अंतर सावकाश वाढवावं आणि आठवड्यातून दोनदा पोटरी-मांडीची ताकद वाढवणारे व्यायाम करावेत.

मग ऊन. कमी अंतराला ऊन काय करणार, असं म्हणणाऱ्यांनी सप्टेंबर 2016 ची कोझुमेलची शर्यत आठवावी. मेक्सिकोच्या त्या दमट बेटावर जॉनी ब्राउनली शेवटच्या किलोमीटरमध्ये पुढे होता आणि एकाएकी त्याचे पाय वेडेवाकडे पडू लागले. मागून आलेल्या भावाने, दोनदा ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेल्या ॲलिस्टरने, त्याला खांद्याला धरून रेषेपर्यंत आणलं आणि स्वतःच्या आधी पुढे ढकललं. शर्यत ऑलिम्पिक अंतराचीच होती. कमी अंतरात वेग जास्त, म्हणून शरीरात उष्णताही झपाट्याने तयार होते; दमट हवेत घाम वाळत नाही आणि ती बाहेर पडत नाही. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पुण्याच्या गार सकाळी सराव करून गोव्याला उतरणाऱ्याने निदान शेवटचे दोन आठवडे काही सराव मुद्दाम उशिरा, उन्हात करावा. पाण्याच्या टप्प्यावर पाणी प्यावं आणि डोक्यावरही ओतावं. खाण्याचं फार अवघड करू नये. स्प्रिंटला न्याहारी पुरते. ऑलिम्पिकला सायकलवर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे बाटलीतलं साखर-मिठाचं पाणी आणि एखादं जेल. शर्यतीच्या सकाळी नवीन काहीही पोटात घालू नये. रोजचा उपमा आणि केळं खाऊन लोक पोडियमवर चढले आहेत.

ट्रान्झिशनबद्दल थोडक्यात: सरावात कुणी करत नाही आणि शर्यतीत तीन मिनिटं तिथे जातात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, सायकल परत टांगेपर्यंत तो काढायचा नाही, रेषेच्या पुढे गेल्याशिवाय बसायचं नाही. रबरी लेस, रांगेतली आपली जागा पाठ करून ठेवणं, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा वेळा तालीम. हा वेळ घामाशिवाय मिळतो.

सराव किती आणि कसा, यावर सध्या सर्वात जास्त वाद आहे. संशोधक स्टीफन सायलर यांनी दाखवून दिलं, की सहनशक्तीच्या खेळांतले अव्वल खेळाडू सुमारे 80 टक्के सराव अगदी सोप्या वेगात करतात आणि उरलेला खरोखर कठीण. पुढे नॉर्वेच्या क्रिस्टियन ब्लुमेनफेल्टने टोकियोत सुवर्ण जिंकलं, 2022 मध्ये आयर्नमॅनचं जागतिक अजिंक्यपदही घेतलं, आणि रक्तातलं लॅक्टेट मोजत उंबरठ्याच्या वेगात दिवसातून दोनदा सराव करण्याची त्याची पद्धत जगभर गाजली. व्हॉट्सॲपच्या गटांत तिची नक्कल सुरू झाली. आठवड्याला तीस तास सराव, दुपारची झोप आणि सोबत वैज्ञानिक असलेल्या माणसाची ही पद्धत आहे. आठवड्याला सात-आठ तास मिळणाऱ्या, लोकल पकडून कामाला जाणाऱ्या माणसाने ती उचलली की दोन महिन्यांत झोप आणि पोटरी दोन्ही जातात. एवढ्या थोड्या वेळात 80 टक्के सोपं हा नियमही काटेकोर पाळायची गरज नाही, असं मानणारे प्रशिक्षक आहेत आणि मला त्यांचं पटतं. प्रत्येक खेळात आठवड्याला एक कठीण सराव, बाकी सगळा गप्पा मारता येतील इतका सोपा. तीन वेळा पाणी, तीन वेळा धाव, दोन-तीन वेळा सायकल. खरी चूक वेगळीच होते: सोपा सराव थोडा जोरात, कठीण सराव थोडा हळू, असं करत सगळं एकाच मधल्या वेगात होऊन बसतं. घड्याळ कुठल्याही कंपनीचं असो, ते ही चूक थांबवत नाही. माणसाला स्वतःला हळू जायला शिकावं लागतं.

सात-आठ तास हा आकडा कमी अंतराच्या बाजूचा सर्वात मोठा पुरावा आहे. आयर्नमॅनची बरी तयारी बारा-पंधरा तास मागते, आणि ते तास कुणाच्या तरी वाट्याचे असतात. बहुधा घरातल्या बाईच्या. नवरा पहाटे साडेचारला सायकल घेऊन गेला तर डबे, शाळेची बस आणि सासऱ्यांची औषधं कोण पाहतं, हे आपल्या क्रीडालेखनात येत नाही. तिलाच स्पर्धा करायची असेल तर गणित आणखी कठीण होतं. अंधारात एकटीने रस्त्यावर जाता येत नाही. तलावात महिलांची वेगळी बॅच असते ती बहुधा भर दुपारी, नोकरी करणारीला निरुपयोगी. या सगळ्यातून मार्ग काढत संजना जोशी ही पुण्याची खेळाडू 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रायथलॉन खेळली. तिच्यासोबत होती अहमदाबादची प्रज्ञा मोहन, चार्टर्ड अकाउंटंट. आणि तिथलं वैयक्तिक अंतर कोणतं होतं? 750 मीटर, 20 आणि 5 किलोमीटर. स्प्रिंट. ज्याला आपण खालची पायरी म्हणतो, त्याच अंतरावर आपल्या मुली देशासाठी खेळून आल्या.

स्पर्धांची उणीव आता पूर्वीइतकी नाही. कोल्हापूरला राजाराम तलावावर होणाऱ्या बर्गमन स्पर्धेत लांब अंतराबरोबर ऑलिम्पिक आणि स्प्रिंटही असतात. तलावाच्या काठावर कुटुंबंच्या कुटुंबं उभी असतात आणि कोल्हापूरकर अनोळखी माणसालाही नावाने हाक मारून ओरडतात, छातीवरचा नंबर बघून नाव शोधतात. चेन्नई आणि हैदराबादलाही शर्यती होतात. पण बऱ्याच ठिकाणी कमी अंतराची शर्यत मुख्य कार्यक्रमाला जोडलेली शेपटी असते. तिचे निकाल पाच-पाच वर्षांच्या वयोगटांत नीट लावले जात नाहीत, सायकलवर ड्राफ्टिंग पाहायला पंच पुरेसे नसतात, धावण्याचा मार्ग मोजलेला नसतो. मेडल मात्र सर्वांना मिळतं. मला तो टी-शर्ट आणि ते मेडल नको आहे. मला 45 ते 49 या वयोगटात मी कितवा आलो, पोहण्यात किती मागे पडलो, आणि मागच्या वर्षीचं अंतर आणि या वर्षीचं अंतर एकच होतं का, हे हवं आहे. वर्षाला चार-पाच मोजलेल्या स्प्रिंट, एकाच नियमावलीने, राज्याच्या चार कोपऱ्यांत, आणि त्यांची मिळून एक गुणतालिका: एवढं झालं तर धुळ्याचा शिक्षक आणि रत्नागिरीची परिचारिका एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून वर्षभर एकमेकांवर लक्ष ठेवतील. यासाठी ना परदेशी ब्रँड लागतो ना मोठा प्रायोजक.

त्याहून लहान एक मागणी आहे, आणि ती कुठल्याही नगरसेवकाला एका अर्जात पूर्ण करता येईल. पालिकेच्या तलावात सकाळी सहाच्या बॅचला एक दोरी बांधा. एकच लेन. दोरीच्या पलीकडे मुलं उड्या मारोत, आजोबा तरंगोत. अलीकडे जे कुणी सलग पोहणार असतील, त्यांनी उजव्या बाजूने जायचं आणि डाव्या बाजूने परत यायचं. पाऊण तासात दीड किलोमीटर होतं. आमच्या भागात ही दोरी गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे होती. त्या तीन आठवड्यांत विहिरीत शिकलेले पन्नाशीचे एक गृहस्थ पहिल्यांदा न थांबता चाळीस लांबी पोहले, आणि काठाला धरून खाली बोट दाखवत मला म्हणाले, ‘अहो, तळ दिसतो की इथे.’